फळ्यावर काय लिहू? १४ जानेवारी, पानिपत आणि संक्रांत

खडूवाली बाई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. परिपाठ माझ्याकडे. प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, पंचांग, दिनविशेष असा रोजचा क्रम. व्हरांड्यात एक फळा आहे, त्याच्या कडेनं आमच्या गुरुजींनी ऑइलपेंटची वेलबुट्टी काढलीय. त्यावर मी रोज दिनविशेष लिहिते. लपवून काय करू, तो आदल्या रात्री शिक्षकांच्या ग्रुपवर आयता येतो. मी नुसता उतरवून काढते.

संक्रांतीला सुट्टी, म्हणून १४ जानेवारीचा दिनविशेष मी भोगीलाच लिहून टाकते. यंदा लिहिलं : ‘१४ जानेवारी १७६१, मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतची तिसरी लढाई.’ शाळेसमोर देवळाचा पार आहे. तिथं एक आबा बसतात, ऐंशीच्या पुढचे. रोज फळा वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका पोरांकरवी कळवतात. त्या दिवशी स्वतः काठी टेकत आले.

“बाई, ते संक्रांतीचं तेवढं पुसा.”

“का हो आबा?”

“संक्रांत तवा चौदाला न्हवती. आमचं आजं तेरा तारखेची संक्रांत सांगायचं. मग अडीचशे वर्सांमागं ती कुठं आसंल, तुमीच बघा.”

मी पुसलं नाही. म्हटलं, संक्रांत म्हणजे १४ जानेवारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे सण तारखा बदलतात, ही एकटी बदलत नाही, असं मीच मुलांना शिकवलंय. पण बाजरीची भाकरी थापताना डोक्यात तेच. आबा सहसा चुकत नाहीत. मागे मी ‘आशिर्वाद’ लिहिलं होतं तेव्हाही तेच बरोबर निघाले.

तर, त्या दिवशी संक्रांत होती की नव्हती? आणि नसेल तर मराठ्यांवर ‘संक्रांत कोसळली’ हे जे आपण म्हणतो, त्याचं काय करायचं?

सतराशे साठ

ताई, पुसू नका. इतकी वर्षं सगळे तेच लिहितायत. विश्वास तर पानिपतावर गेलाच, आता संक्रांतही घालवायची काय?

निवृत्त गणितमास्तर

बाई, तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे.

लढाईच्या तारखेत काही खोट नाही. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. इंग्रजी १४ जानेवारी १७६१. वाराचा ताळा करून बघा, बुधवारच येतो. जुनी तारीख तपासायची तर मी आधी वार बघतो. तिथीत एखादा दिवस इकडेतिकडे होतो, वार सहसा दगा देत नाही.

खोट संक्रांतीत आहे. संक्रांत तिथीवर चालत नाही, सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत गेला की संक्रांत. आपली रास मोजायची ती ताऱ्यांच्या हिशेबानं. इंग्रजी वर्ष मात्र ऋतूंच्या हिशेबानं बांधलेलं. ही दोन वर्षं सारखी नाहीत. ताऱ्यांचं वर्ष वीसएक मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही वाटतं, पण साधारण ७२ वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस होतो. म्हणून संक्रांत मुंगीच्या पावलानं पुढे सरकतेय. हल्ली अधूनमधून १५ तारखेला येते ना? २०२४ साली आलीच होती. लोक म्हणतात पंचांगवाल्यांनी घोळ घातला. घोळ नाही, ती चालतेय.

आता मागे या. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, हे त्यांच्या चरित्रांतून सापडतं. तारीख काय? १२ जानेवारी १८६३. म्हणजे त्या साली संक्रांत १२ ला. आणखी १०२ वर्षं मागे गेलात की, लीप वर्षांचा हेलकावा धरून, अजून दोन-सव्वादोन दिवस गळतात. पानिपतच्या साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली. लढाईच्या आधी तीन-चार दिवस.

आणि तसंच मागे जात राहिलात तर सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत २१-२२ डिसेंबरला सापडते. खरं उत्तरायण सुरू होतं तोच दिवस. आपण आजही संक्रांतीला ‘उत्तरायण लागलं’ म्हणतो ते त्या जुन्या ओळखीवर. सूर्य केव्हाच वळलेला असतो. मुलांना दाखवायचं असेल तर शाळेच्या ध्वजाच्या खांबाची दुपारची सावली डिसेंबरभर खडूनं आखून ठेवा. कुठल्या दिवशी सर्वांत लांब पडते ते पोरंच सांगतील.

‘संक्रांत कोसळली’चं म्हणाल तर, मला वाटतं, त्याला पानिपत लागत नाही. संक्रांत ही देवी. दर वर्षी कशावर बसून आली, कुठून कुठे चालली, कुणीकडे बघतेय, वस्त्र कुठलं, हातात काय, सगळं पंचांगात छापून येतं. ती जे ल्यायली ते महागणार, जिकडे बघते तिकडे संकट. माझी आई पंचांग आलं की आधी तेवढंच पान काढायची आणि यंदा पिवळं नेसलीय म्हणून हळद आधीच भरून ठेवायची. वाक्प्रचार त्या बाईच्या नजरेतून आला असावा. पुढे लढाईची तारीख आणि सणाची तारीख कॅलेंडरवर एका चौकटीत आल्या, आणि लोकांनी गाठ मारून टाकली.

कोकणी फणस

मास्तर, १० जानेवारीची संक्रांत बघायला १७६१ पर्यंत कशाला जाता? आमच्याकडे या. रत्नागिरीत आमच्या घरी टिळक पंचांग. आमची संक्रांत आजही १० जानेवारीलाच असते. राशीचक्र कुठल्या ताऱ्यापासून मोजायचं, हा वाद. टिळक पंचांग रेवतीचा तारा धरतं, बाकीचे चित्रेवरून मोजतात. फरक पडतो चारेक अंशांचा, म्हणजे चारेक दिवसांचा. लहानपणी आम्ही चार दिवस आधी तिळगूळ खाऊन मोकळे आणि वर्गातल्या पोरांचा पुन्हा १४ ला खायला तयार. कुणालाही विचारा, दोन पंचांगांच्या गावात पोरांचं कधी नुकसान होत नाही. अधिक महिना वेगळा आला की मात्र मोठ्यांचे वांधे. अख्खी दिवाळी महिन्यानं सरकते.

सतराशे साठ

बरं बुवा, हरलो. पण एक लक्षात घ्या. मास्तरांचं गणित धरलं तर आपल्या लोकांची संक्रांत पानिपतच्या छावणीतच गेली की. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, त्यानंतर रसद जवळजवळ तुटलीच होती. हजारो यात्रेकरू, बायका-पोरं, जनावरं, आणि खायला दाणा नाही. तिथं तीळ कुठला आणि गूळ कुठला! ‘उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू’ असं ठरलं ते त्याच दिवसांत. मी म्हणतो, संक्रांतीच्या दिवशी लढाई झाली यापेक्षा हे जास्त लागतं.

नागसेनवन

खडूवाली बाई, राग मानू नका, पण दरवर्षी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर या तारखेला पानिपतच का?

१४ जानेवारी १९९४. मराठवाडा विद्यापीठाचं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झालं तो दिवस. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला होता २७ जुलै १९७८ ला. मधली साडेपंधरा वर्षं कशी गेली, ते मराठवाड्यातल्या वस्त्यांना विचारा. ठराव झाल्यावर घरं जाळली, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे त्यांतले एक. १९७९ साली लाँग मार्च निघाला. नांदेडच्या गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. आणि शेवटी मिळाला तो नामविस्तार, कारण ‘मराठवाडा’ शब्द तसाच ठेवला. म्हणून काही जण नामांतर दिन म्हणतात, काही नामविस्तार दिन. शब्द कुठला वापरता यावरून समोरचा तुम्हाला ओळखतो.

मी तेव्हा औरंगाबादला शिकायला होतो. रेडिओवर बातमी आली तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये वरण वाढत होते. वाढणारा पोरगा डाव हातात घेऊन तसाच बाहेर पळाला. वरण टपकत गेलं पार गेटपर्यंत. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्या बायका येतात, गेटच्या कमानीला हात लावून कपाळाला लावतात. त्यातल्या बऱ्याचजणी शाळेत गेलेल्या नाहीत.

ही तारीख तुमच्या ग्रुपवरच्या आयत्या यादीत असते का?

खडूवाली बाई

नागसेनवन दादा, राग कशाचा? आत्ता जाऊन पाहिलं. यादीत पानिपत आहे, भूगोल दिन आहे, चिंतामणराव देशमुखांचा जन्म (१८९६, महाडजवळचं नाते) आहे, दोन नटनट्यांचे वाढदिवस आहेत. नामविस्तार नाही. मीही सात वर्षं उतरवून काढतेय आणि माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या वर्गातल्या दोन पोरींच्या घरी त्या गेटचा फोटो लावलेला आहे. मी गृहभेटीला गेले तेव्हा पाहिलाय.

मास्तर, सावलीचं करते. पण तुम्ही घाबरवून ठेवलंत. संक्रांतच सरकते म्हटल्यावर बाकीच्या तारखांचा काय भरवसा? चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४. ती तरी पक्की ना?

मोडी कारकून

पक्की आहे, पण कुठल्या कॅलेंडरची ते विचारा.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. या तिथीबद्दल तक्रार नाही. ६ जून ही तारीख आहे जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या सोहळ्याला रायगडावर हजर होता. इंग्रज तेव्हा ज्युलियन तारखा लिहीत. त्यांनी नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं ते थेट १७५२ साली. २ सप्टेंबरच्या रात्री झोपले आणि उठले ते १४ सप्टेंबरला. गोव्याच्या पोर्तुगीजांनी मात्र हे सोळाव्या शतकातच करून टाकलं होतं. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून निघालेलं पत्र आणि गोव्याहून निघालेलं पत्र, दोघांवर दहा दिवसांचा फरक. नवीन माणूस दप्तरात बसला की पहिला आठवडा हमखास इथं अडखळतो. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असं त्याला दिसतं.

आजच्या कॅलेंडरनं मोजलंत तर राज्याभिषेकाचा दिवस १६ जून येतो. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ लिहितो तो २० नोव्हेंबर. जन्म १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो तो १ मार्च. पानिपत १७५२ च्या पुढचं, म्हणून तिथं ही भानगड नाही. १४ म्हणजे १४ च.

लगेच फळ्यावरचं बदलायला जाऊ नका हं. ६ जून लोकांच्या अंगवळणी पडलाय, गडावर त्या दिवशीही सोहळा होतो आणि तिथीलाही होतो. मी एवढंच करतो, तारखेच्या शेजारी तिथी लिहितो. तिथीला कॅलेंडर बदलल्याचं सोयरसुतक नाही.

जाता जाता : हे ज्युलियन कॅलेंडर मेलेलं नाही. त्यातली १ जानेवारी सध्या आपल्या १४ जानेवारीला येते. रशियात १३ च्या रात्री ‘जुनं नवीन वर्ष’ म्हणून पुन्हा एकदा खाणंपिणं होतं. तुमच्या यादीत जागा असेल तर बघा.

कोकणी फणस

म्हणजे रशियातही दोन पंचांगं. पोरांची चंगळ.

खडूवाली बाई

सगळ्यांचे आभार. सुट्टी झाली, आज शाळा भरली. काय लिहिलं ते सांगते, चुकलं असेल तर आत्ताच बोला, उद्या पुसता येईल.

‘१४ जानेवारी. १७६१ : पौष शुद्ध ८, बुधवार, पानिपतची तिसरी लढाई. १९९४ : मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार.’ खाली लहान अक्षरात, ‘१७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होती. हे आबांनी सांगितले.’ आबांचं पूर्ण नाव लिहिलंय, इथं देत नाही.

त्या दोन पोरींतली एक फळ्यासमोर उभी राहून बोट ठेवून वाचत होती. ‘नामविस्तार’वर अडली. दुसरीनं तिला सांगितलं, “आगं, आपल्या फोटूतलं.”

आबा अकरा वाजता आले. चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग म्हणाले, “बाई, ‘सुमारास’मदला ‘सु’ ऱ्हस्वच हाय न्हवं?”