शोकांतिका आणि दुःखद शेवट

शेवट दुःखद नसेल तर ते नाटक खरी ग्रीक शोकांतिका ठरत नाही, या मताशी मला सहमत होता येत नाही. ‘ट्रॅजेडी’साठीच्या आपल्या ‘शोकांतिका’ या शब्दातच तसा शेवट गृहीत धरलेला असल्याने हा समज होत असावा. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५८ साली सादर झालेली नाटककार एस्किलसची ‘ओरेस्टेइया’ ही नाट्यत्रयी, आईचा वध केलेल्या ओरेस्टिसच्या निर्दोष सुटकेने आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवतांच्या सांत्वनाने संपते, तरीही ती ट्रॅजेडीच आहे. ट्रॅजेडीची मीमांसा करणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचा भरही करुणा आणि भय जागवणाऱ्या कथानकाच्या रचनेवर आहे. म्हणूनच सोफोक्लिसच्या नाटकातला राजा ईडिपस शेवटी स्वतःचे डोळे फोडून घेतो त्यापेक्षा, नगरीच्या हितासाठी त्याने सुरू केलेला, राणी जोकास्टा विनवत असतानाही न थांबवलेला आणि अखेर त्याच्यापाशीच येऊन ठेपलेला आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध मला अधिक भयकारी वाटतो.