सुलेमानिया शहर इतकं 'नवीन' कसं काय?

प्रश्न: इराकी कुर्दिस्तानातलं सुलेमानिया मॅपवर बघत होतो, चारी बाजूंना डोंगर आहेत. मला वाटलं हजारो वर्षं जुनं असेल, तर स्थापना १७८४ ची निघाली! एवढ्या प्राचीन भागात एवढं नवं शहर कसं?

उत्तर १: कारण ते मुद्दाम वसवलंय. बाबान या इथल्या कुर्दी राजघराण्याची राजधानी आधी डोंगराआड कला चुवालानला होती, इब्राहिम पाशा बाबानने ती इकडे हलवली. शेजारीच शहरिझोरचं सुपीक मैदान, मागे गोइझा आणि अझमर हे डोंगर, म्हणजे धान्यही जवळ आणि डोंगराचा आडोसाही. आणि गंमत म्हणजे या बाबानांच्याच काळात नाली वगैरे कवींनी सोरानीत, म्हणजे कुर्दी भाषेच्या एका मुख्य रूपात, लिहायला घेतलं, आज जी प्रमाण सोरानी आहे तिचा पायाच मुळात इथली बोली आहे, त्यामुळे शहर नवं असलं तरी भाषेच्या बाबतीत भलतंच वजनदार!

उत्तर २: वाऱ्याचं कुणी बोललंच नाही 😄 'रशबा' म्हणतात, म्हणजे काळा वारा, डोंगरावरून सुटला की विचारू नका.

उत्तर ३: १९२२ मध्ये शेख महमूद बर्झंजी या कुर्दी नेत्याने इथूनच स्वतःला कुर्दिस्तानचा राजा जाहीर केलं, ब्रिटिशांनी विमानं पाठवून बॉम्ब टाकले. आणि अम्ना सुराका बघाच, सद्दामच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग होता तो, १९९१ च्या उठावात लोकांनी ताब्यात घेतला, आता म्युझियम आहे. आत अन्फालमधल्या (सद्दामने कुर्दांविरुद्ध चालवलेली हत्याकांडाची मोहीम) बळींसाठी आरशाच्या १,८२,००० तुकड्यांचा हॉल केलाय.

प्रश्नकर्ता: बापरे. हे माहीतच नव्हतं, थँक्स!