अनुभव धागा: खजूर-सुकामेव्याचे लाडू, वड्या, रोल (ओव्हन नाही, पाक नाही)

खजुरावर बांधलेले सुकामेव्याचे लाडू आता बहुतेक घरांत होतात. पण प्रमाण विचारलं की उत्तर येतं, "खजूर घेईल तेवढा सुकामेवा घाल." नवशिक्याचं त्याने भागत नाही. म्हणून इथे नेमकं लिहा: खजूर कोणता, किती ग्रॅम, कुठे बिघडतं आणि का बिघडतं.

सुरुवातीला माझं पायाभूत प्रमाण. बी काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, काजू तुकडा ७५, अक्रोड ५०, भोपळ्याच्या बिया २५. साजूक तूप एक छोटा चमचा, वेलदोड्याची पूड पाव चमचा, चिमूटभर मीठ. यात २० ग्रॅमचे २५ लाडू होतात. वाटीने मोजू नका, कारण अख्ख्या बदामाची वाटी आणि भरड बदामाची वाटी यांच्या वजनात बराच फरक पडतो.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सगळं वेगवेगळं भाजायचं. बदाम ७-८ मिनिटं, काजू आणि अक्रोड ४-४, बिया फुगून तडतडेपर्यंत. मग ताटात पसरून पूर्ण गार करायचं, निदान अर्धा तास. कोमट सुकामेवा मिक्सरला लावला की तेल सुटतं, भरड होण्याऐवजी लगदा होतो आणि तो लाडू दुसऱ्या दिवशी बाहेरून तेलकट, आतून कोरडा लागतो. तूप गरम करून त्यात चिरलेला खजूर ३-४ मिनिटं परतायचा, डावाने दाबत राहायचा. गोळा झाला की आच बंद करून भरड मिसळायची आणि हाताला सोसेल तेव्हा वळायचं.

प्रमाण जमलं की नाही ते मुठीत कळतं. थोडं मिश्रण घट्ट दाबून मूठ उघडा. बोटांचे ठसे स्पष्ट राहिले आणि तळव्याला नुसती चकाकी आली तर जमलं. कडेने चुरा पडला तर खजूर कमी किंवा कोरडा आहे. तळव्याला चिकटून बसलं तर ओलावा जास्त आहे.

मस्कतहून

वरच्या प्रमाणात "मऊ खजूर" हेच शब्द घोटाळा करतात. इकडे बाजारात एकाच ओळीत दहा प्रकार असतात आणि प्रत्येकाचा ओलावा वेगळा. लाडवाला खलास सगळ्यांत चांगला, चिकट आणि एकजीव होणारा. फर्द थोडा घट्ट, गडद आणि टिकाऊ. तो वापरला तर २५० ग्रॅमला तूप दोन छोटे चमचे घ्या आणि परतायला दोन मिनिटं जास्त द्या. मेडजूल मोठा आणि गरदार असतो, त्याला सुकामेवा जास्त लागतो, २५० ग्रॅमला २७५ पर्यंत. सगईचं देठाकडचं टोक फिकट आणि कोरडं असतं, ते कितीही परतलं तरी विरघळत नाही आणि लाडवात खड्यासारखं लागतं. तेवढं टोक कापून बाजूला काढा, दुधात भिजवून खाता येतं.

रुतब, म्हणजे हंगामातला अर्धवट पिकलेला ओला खजूर, यासाठी घेऊ नका. तो फ्रीजबाहेर आंबतो. भारतात डब्यात मिळणारा किमिया खजूरही बराच ओला असतो आणि दुकानातही थंड कपाटात ठेवलेला असतो. त्याचे लाडू छान होतात, पण ते फ्रीजमध्येच ठेवायचे आणि दहा दिवसांत संपवायचे.

एक गोष्ट अजिबात टाळू नका. "बिनबियांचा" लिहिलेला असला तरी प्रत्येक खजूर उघडून पाहा. पोकळीत काळी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, तो खजूर टाकायचा. बारीक जाळी किंवा कण दिसले तर कीड. जास्तीचा खजूर आणला असेल तर घट्ट पिशवीत चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवला की अळ्या आणि अंडी मरतात, पुढे पडत नाहीत.

पुण्याहून

ज्यांना परतायचं नाही, थेट मिक्सरला लावायचं आहे, त्यांच्यासाठी. नुसता खजूर भांड्यात घातला की तो पात्याभोवती गुंडाळला जातो, वरचा भाग जागचा हलत नाही आणि मोटर तापून बंद पडते. बंद पडलीच तर मिक्सरच्या बुडाशी असलेलं लाल बटण दहा-पंधरा मिनिटांनी दाबायचं, लगेच नाही. हे टाळण्यासाठी लहान भांडं घ्यायचं, एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि खजुराचे चार तुकडे करून त्यात दोन मोठे चमचे सुकामेव्याची भरड आधीच मिसळायची. भरड तुकड्यांमध्ये शिरते आणि पातं मोकळं राहतं. २-३ सेकंदांचे झटके, मधे भांडं हलवायचं.

सुकामेवा फिरवतानाही झटकेच. बदाम आणि अक्रोड एकत्र फिरवू नका. अक्रोड मऊ असतो, बदाम भरड होईपर्यंत त्याचं लोणी झालेलं असतं. बदाम आधी, काजू नंतर, अक्रोड सुरीनेच चिरायचा. आणि एक चतुर्थांश सुकामेवा मिक्सरला लावायचाच नाही, बारीक चिरून शेवटी घालायचा. दाताखाली काही आलं नाही तर तो लाडू खाण्यात मजा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरड्या खजुराला थेट पाण्यात भिजवण्यापेक्षा चाळणीत ठेवून ५ मिनिटं वाफ द्या. भिजवलेला खजूर कितीही टिपला तरी पाणी धरून ठेवतो आणि तेच पाणी पुढे बुरशीला कारण होतं.

तासगावहून

खजूर नको असणाऱ्यांनी बेदाणे आणि अंजीर घ्या. बेदाणे १५०, सुकं अंजीर १००, बाकी सुकामेवा २००. अंजिराच्या चिकट गरामुळे मिश्रण चांगलं धरतं. अंजिराचं देठ कापायचं, ते चिवट असतं. अंजीर उघडून आत पाहायलाही विसरू नका.

बेदाण्याबद्दल थोडं सविस्तर. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सुकवतात. त्याने सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पिवळाधमक रंग बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो. कुठलाही बेदाणा वापरण्याआधी कोमट पाण्यातून एकदा खंगाळून, फडक्यावर पसरून, पंख्याखाली ४-५ तास सुकवायचा. हाताला ओल लागायला नको. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गंधकाची धुरी दिलेला बेदाणा आणि नारिंगी जर्दाळू टाळलेले बरे. गंधक न लावलेला जर्दाळू तपकिरी असतो, दिसायला डावा, चवीला उजवा.

बियांच्या काळ्या मनुका मिक्सरला लावू नका. बी फुटलं की कडवटपणा उतरतो.

मालवणहून

आमच्याकडे यात आंबापोळी जाते आणि ती सर्वांनी करून पाहावी. खजुराच्या गोडीला आंबट चव मिळाली की पदार्थ एकदम वर येतो. आंबापोळी १०० ग्रॅम, खजूर १००, काजू तुकडा किंवा पाकळी १२५, सुक्या खोबऱ्याचा कीस ५०. पोळी कात्रीने तांदळाच्या दाण्याएवढी कापायची, मिक्सरमध्ये ती चामड्यासारखी चिवट होते. कात्रीला तुपाचं बोट लावून घ्या. बाजारच्या पोळीत साखर असते, त्यामुळे खजूर यापेक्षा वाढवू नका. फणसपोळीचंही असंच, पण तिचा वास सगळं व्यापून टाकतो, म्हणून ६० ग्रॅम पुरे, आणि वेलदोडा घालायचा नाही.

काजू अख्खा घेऊ नका, तुकडाच घ्या. चव तीच, दर कमी, आणि शेवटी तो फोडायचाच आहे. खोबऱ्याची वाटी किसण्याआधी एक तुकडा चावून पाहा. खवट खोबऱ्याचा एक कीस सगळा घाणा वाया घालवतो. कीस मंद आचेवर, बदामी व्हायच्या जरा आधी उतरवायचा, कढईच्या उष्णतेने पुढचा रंग येतो.

पावसाळ्यात किनाऱ्यावर हे लाडू ओट्यावर ठेवण्याचा प्रश्नच नाही. खजुरातली साखर हवेतला ओलावा ओढते, तिसऱ्या दिवशी पृष्ठभाग पाझरतो, मग बुरशी. हवाबंद डबा, फ्रीज आणि कोरडा हात. उन्हाळ्यात-थंडीत पाणी न लागलेले लाडू बाहेर दोन आठवडे सहज राहतात, फ्रीजमध्ये दीड महिना. अक्रोड घातलेले मात्र लवकर खवट होतात, ते फ्रीजमध्येच.

टोरांटोहून

इथल्या बऱ्याच शाळांत डब्यात शेंगदाणे आणि सुकामेवा चालत नाही, म्हणून बियांचा लाडू. खजूर २००, सूर्यफुलाच्या बिया १००, भोपळ्याच्या बिया ७५, जाड ओट्स ५०. ओट्स कोरडेच ५ मिनिटं भाजायचे, नाहीतर पिठूळ लागतात. तीळ घालण्याआधी शाळेला विचारा, तिळाची ॲलर्जीही गंभीर असू शकते. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा पाकिटावर ठळक नमूद करायच्या प्रमुख ॲलर्जींमध्ये धरला जातो. घरी त्याच मिक्सरमध्ये आधी शेंगदाण्याचं कूट केलं असेल तर भांडं, झाकण आणि झाकणाची रबर रिंग, तिन्ही गरम साबणपाण्याने धुवा. कूट हमखास रिंगखाली अडकतं.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा मोठे तुकडे असलेला लाडू देऊ नका, घशात अडकू शकतो. आणि मध घालत असाल तर वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही.

नाशिकहून, ट्रेकवाल्यांसाठी

लाडू सॅकमध्ये दबतात, वडी करा. खजूर २५०, शेंगदाणे १००, बदाम १००, भाजलेले पातळ पोहे ३०, मीठ पाव छोटा चमचा. पोहे कुरकुरीत करून, गार करून, सर्वांत शेवटी हलक्या हाताने घालायचे. मीठ चवीपुरतं नव्हे, घामासाठी आहे.

ताटाला बटर पेपर लावून मिश्रण ओतायचं, वर दुसरा कागद, आणि सपाट बुडाच्या वाटीने जोर लावून दाबायचं. लाटण्याने फक्त वरची पातळी येते, आत पोकळ्या राहतात आणि वडी तिथेच तुटते. जाडी सव्वा सेंटीमीटर. फ्रीजमध्ये एक तास ठेवून मग कापायचं. सुरी करवतीसारखी मागेपुढे ओढायची नाही, वरून एकदाच दाबायची, दर वेळी पुसून. ३०-३५ ग्रॅमची वडी, प्रत्येक वेगळी कागदात. उन्हाळी ट्रेकला चॉकलेटचा थर नको, सॅकच्या वरच्या कप्प्यात तो वितळतोच.

साताऱ्याहून

बदाम-काजूशिवायही उत्तम होतं. शेंगदाणे २००, खजूर २००, तीळ ४०. दाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं, सालं सुटेपर्यंत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे भाजण्याआधी निवडून टाका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

उपासाला तीळ वगळून राजगिऱ्याच्या लाह्या २५ ग्रॅम घ्या. लाह्या चाळून घ्यायच्या, न फुटलेला राजगिरा दातात कचकचतो. तुमच्या घरी उपासाला काय चालतं ते तुम्हीच ठरवा.

जवस घालणाऱ्यांसाठी: १५ ग्रॅमच्या वर नको. जवसाची पूड ओलावा शोषत राहते, आज मऊ असलेला लाडू उद्या दगड होतो. आणि पूड ताजीच करा.

आहारशास्त्राच्या बाजूने

"साखर नाही" हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हणू नका. मेडजूल खजुरात १०० ग्रॅमला सुमारे ६६ ग्रॅम साखर असते. निम्मा खजूर असलेल्या २० ग्रॅमच्या लाडवात साडेसहा ग्रॅम साखर आणि ८५ च्या आसपास कॅलरी जातात. मधुमेह असलेल्यांनी हा लाडू जेवणाच्या हिशोबात धरावा, वरचा खाऊ म्हणून नाही. आणि "रक्त वाढतं" हा समजही सोडा. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांकडे जा, लाडू आनंदासाठी खा.

प्रथिनं वाढवायची तर फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ ४० ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी खजूर ३० ग्रॅम जास्त. नाहीतर मिश्रण भुगा होतं.

पुन्हा मस्कतहून, खसखशीच्या रोलबद्दल विचारलंत म्हणून

वरचंच पायाभूत मिश्रण, फक्त सुकामेवा सगळा सुरीने चिरलेला, म्हणजे कापल्यावर चकतीत तुकडे दिसतात. खसखस कोरडी मिनिटभर भाजून कागदावर पसरा, साडेतीन सेंटीमीटर जाडीचा रोल त्यावर घोळवा. मिश्रण कोमट असतानाच घोळवायचं, गार झालं की खसखस चिकटत नाही. कागदात घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं पिळायची, फ्रीजमध्ये तीन तास, मग ८ मिलिमीटरच्या चकत्या. रोल फ्रीजमध्ये एकाच बाजूवर पडून चपटा होतो, म्हणून पहिल्या तासात दोनदा फिरवून ठेवा.