मॉर्गन ल फे : परी, चेटकीण की जाणती?

ब्रिटनच्या दंतकथांतील आर्थर राजाच्या कथा मराठीत सांगताना त्याच्या बहिणीच्या, म्हणजे मॉर्गन ल फेच्या, नावातील 'फे'पाशी हमखास अडायला होते. 'परी' आणि 'चेटकीण' हे दोन शब्द लगेच सुचतात. माझ्या मते दोन्ही टाळावेत.

'फे' हा शब्द जुन्या फ्रेंचमधला असून त्याचे मूळ विधिलिखित या अर्थाच्या लॅटिन 'फाटुम'च्या अनेकवचनात आहे. इंग्रजीतील 'फेअरी' त्याच कुळातला आहे. आपली 'परी' मात्र फारसीतून आली. अवेस्तेतील (पारशांच्या धर्मग्रंथातील) 'पैरिका' ही दुष्ट जादूगारीण होती आणि पुढच्या फारसी काव्यात तीच सौंदर्याची परमावधी ठरली. 'फेअरी' आणि 'परी' कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे गोत्र वेगळे आहे. शिवाय आजच्या मराठी वाचकाला परी म्हटले की छडी फिरवणारी, बाळगोपाळांची परीच दिसते.

मध्ययुगीन लेखकांना या शब्दाने काय म्हणायचे होते, हे एका ग्रंथातच सांगितलेले आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच गद्यात रचलेल्या लान्सेलॉटच्या, म्हणजे आर्थरच्या एका सरदाराच्या, कथेत त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या सरोवराच्या स्वामिनीची ओळख करून देताना निवेदक खुलासा करतो, की त्या काळी मंत्रविद्या जाणणाऱ्या सर्व स्त्रियांना फे म्हणत. शब्द, रत्ने आणि वनस्पती यांचे सामर्थ्य त्यांना ठाऊक असे आणि त्याच्या बळावर त्या तारुण्य, रूप व वैभव टिकवून ठेवत. इथे फे ही वेगळी योनी नाही. ती ज्ञान मिळवलेली स्त्री आहे, आणि अनुवादात नेमके हेच हरवते.

जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने 1150च्या सुमारास मर्लिन या द्रष्ट्या जादूगारावर लिहिलेल्या लॅटिन काव्यात मॉर्गन प्रथम भेटते, तेव्हा ती सफरचंदांच्या बेटावरील नऊ बहिणींत श्रेष्ठ आहे. तिला औषधी वनस्पतींचे गुण माहीत आहेत, ती रूप पालटते, ग्रीक पुराणकथेतील डेडलसप्रमाणे पंखांनी आकाशात संचार करते आणि तिने बहिणींना गणितही शिकवले आहे. जखमी आर्थरला तिच्याकडे आणल्यावर ती त्याला सोन्याच्या पलंगावर निजवते, स्वतःच्या हाताने जखम उघडते, बराच वेळ निरखते आणि तो दीर्घकाळ आपल्यापाशी राहून उपचार घेईल तर बरा होईल, असे सांगते. या वर्णनात मला तरी चेटकीण दिसत नाही; निष्णात वैद्य दिसते.

पुढच्या कथांतून तिचे वैर वाढत गेले. 1485 मध्ये छापल्या गेलेल्या टॉमस मॅलरी या इंग्रज लेखकाच्या आर्थरकथांच्या ग्रंथात ती आर्थरच्या तलवारीची म्यान चोरून पाण्यात फेकते. ही म्यान जवळ बाळगणाऱ्याचे रक्त वाहत नसे, म्हणजे जखमा भरणारी मॉर्गन इथे जखमेपासूनचे संरक्षणच हिरावून घेते. तरीही मॅलरी तिची विद्या नाकारत नाही: मठात शिक्षणासाठी ठेवली असता ती मंत्रविद्येत पारंगत झाली, असे तो लिहितो, आणि शेवटी जखमी आर्थरला ॲव्हलॉनकडे, म्हणजे त्याच सफरचंदांच्या बेटाकडे, नेणाऱ्या नौकेतील राण्यांमध्ये तीही असते.

'चेटकीण' या शब्दात आरोप आहे. 'चेटकीण' किंवा 'डाकीण' ठरवून बायकांचा छळ आपल्याकडेही झालेला आहे, त्यामुळे निवेदकाने स्वतःच्या तोंडी हा शब्द सहज वापरू नये. 'अप्सरा' म्हटले तर इंद्राची सभा आठवते, आणि 'योगिनी'ला तिचा स्वतंत्र उपासनासंप्रदाय आहे.

माझी सूचना 'जाणती' या शब्दाची आहे. त्यात वय, अनुभव आणि झाडपाल्यापासून मंत्रापर्यंतची माहिती असे सगळे सामावते, आणि त्यात निंदाही नाही, स्तुतीही नाही. निवेदनात 'जाणती मॉर्गन' लिहावे. आर्थरच्या पक्षातील एखादे पात्र संतापून बोलत असेल, तर त्याच्या संवादात 'चेटकीण' खुशाल येऊ द्यावे. सरोवराच्या स्वामिनीलाही 'जाणती'च म्हणावे की तिच्यासाठी निराळा शब्द योजावा, यावर जाणकारांचे मत वाचायला आवडेल.