गॅसचा ड्रायर ५ मिनिटं गरम, मग गार

एडिसनकर:
मंडळी, आम्ही न्यू जर्सीत. बेसमेंटमधला गॅसचा ड्रायर घराबरोबरच आलाय, १२ वर्षांचा तरी असेल. परवापासून ड्रम फिरतो, आवाज नेहमीचाच, पण टायमर संपल्यावर कपडे ओलेच. सुरुवातीची ५-७ मिनिटं आत ऊब लागते आणि मग गारढोण. मेकॅनिक नुसतं येऊन बघायचे १०० डॉलर म्हणतोय. बाहेर बर्फ, जिन्याच्या कठड्यावर चादरी वाळत घातल्यात आणि आई आलीय इकडे, ती म्हणते दोरी बांध की सरळ. काय बघू?

घाईघाईत:
इग्नायटर (गॅस पेटवणारी तापणारी कांडी) गेला. बदलून टाका.

खटपट्या:
थांबा हो, इग्नायटर गेला असता तर पहिली ५ मिनिटं तरी कशी तापली असती? आधी मागचा पाइप नि बाहेरचं झाकण लिंटने (कपड्यांच्या बारीक तंतूंनी) तुंबलंय का बघा, वारा अडला की थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो. ते साफ असेल तर खालचं झाकण काढा, ड्रायर लावा आणि लांबूनच बघत बसा. इग्नायटर केशरी होतो, त्या धगीने शेजारच्या सेन्सरचा स्विच उघडतो, मग टक् आवाज होऊन गॅस येतो नि भक्कन पेटतो. यातलं कुठे अडतंय ते सांगा.

एडिसनकर:
पाइप साफ आहे. आईला टॉर्च धरायला लावून आडवा पडून बघितलं. पहिल्यांदा मस्त निळा जाळ. दोन-तीनदा बंद-चालू झाला, नंतर मात्र इग्नायटर लाल होतो, विझतो, जाळ नाहीच. मिनिटभराने परत तेच.

खटपट्या:
मग गॅस व्हॉल्ववरच्या दोन कॉइल गेल्यात, म्हणजे वीज मिळाली की व्हॉल्व उघडणारी तारेची वेटोळी. गार असताना चालतात, तापल्या की आतली तार सुटते आणि व्हॉल्व उघडत नाही. मल्टीमीटरवर तपासाल तर गार कॉइल ठणठणीत दाखवेल, त्याला फसू नका. मॉडेल नंबर बघून दोन्हींचा सेट घ्या, माझा २५ डॉलरच्या आसपास आला होता. आधी प्लग काढा, गॅसचा कॉक पाइपला आडवा करा. वरच्या पट्टीचे स्क्रू काढले की कॉइल वर उचलून निघतात, गॅसची जोडणी सोडावी लागत नाही. वायर कुठली कुठे याचा फोटो काढून ठेवा. इग्नायटरला धक्का लावू नका, खडूसारखा मोडतो.

मिशिगनची_मावशी:
आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता सगळे बाहेर पडा, फोन बाहेरून करा. हे लिहायचं राहिलं होतं म्हणून लिहिलं.

एडिसनकर:
झालं! पाऊण तास लागला, त्यातली २० मिनिटं खाली पडलेला एक स्क्रू शोधण्यात गेली. सलग दोन लोड वाळवले, जाळ दर वेळी पेटतोय. जुन्या कॉइल फेकू का ठेवू?

खटपट्या:
फेका. ठेवल्या की दोन वर्षांनी नव्या समजून परत लावाल, मी लावल्यात.