परदेशी राहायला जाताना कोणता किराणा नेलात? अनुभव सांगा

माझी मुलगी सप्टेंबरअखेर दोन वर्षांसाठी जर्मनीत आखनला शिकायला निघाली आहे. विमानात २३ किलोची एकच बॅग चालणार आहे. गेले चार दिवस दिवाणखान्यात पुड्याच पुड्या पसरल्यात. सासूबाईंनी पाच किलो तूरडाळ निवडून ठेवली आहे, बहिणीनं भाजणी पाठवली, शेजारच्या काकू मिरगुंडं आणि कुरडया घेऊन आल्या. सगळ्यांनी जीव लावून दिलंय, त्यामुळे कुणाची पुडी बाजूला काढायची म्हटली की हात थांबतो. काल वजन केलं तर नुसता किराणाच १९ किलो भरला. स्वेटर, जाड कोट, कुकर अजून बाहेरच आहेत.

तिला पोहे, खिचडी, वरण-भात येतो, पोळ्या बऱ्या होतात. आमटी मात्र अजून माझ्याच हातची लागते.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातलं कुणी, वर्ष-दोन वर्षं बाहेर राहिलं असेल तर मोकळेपणानं लिहा. काय नेलं त्याचं चीज झालं, काय तसंच पडून राहिलं, काय न्यायला हवं होतं. देश कोणताही चालेल. माझ्यासारख्या आणखी आया हे वाचतील.

श्टुटगार्ट, नऊ वर्षं

ताई, तूरडाळ आधी बाहेर काढा. मी पहिल्यांदा आले तेव्हा डाळ-तांदळानंच निम्मी बॅग भरली होती आणि आठवड्याभरात कळलं की कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात केशरी मसूर, छोले, बेसन, रवा, तीळ, दलियासारखा बुलगुर, सगळं मिळतं. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कणीक हे आशियाई दुकानात. महाग पडतं, पण मिळतं. आखन विद्यापीठाचं गाव आहे, भारतीय मुलं भरपूर आहेत, तिची अडचण होणार नाही.

तूप नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. त्यात तूप, पेढे, खवा, पनीर सगळं आलं. (बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे, ती इथे कामाची नाही.) आणि गरजही नाही. इथलं बिनमिठाचं लोणी पाव किलोच्या वडीत मिळतं. चार वड्या मंद आचेवर कढवल्या की पाऊण किलोच्या वर रवाळ तूप निघतं. हे एक तिला घरी शिकवून पाठवा, आयुष्यभर पुरेल.

ताजा कढीपत्ता, आलं, मिरच्या, लिंबं हेही नको. १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या भाज्या, फळं, पानं आणायची तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्या पाचच फळांना त्यातून सूट आहे.

मग न्यायचं काय? जे आपल्याच घरात होतं ते. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, तुमच्या बहिणीची भाजणी. भाजणी तर नक्की न्या. थालीपीठ लावलं की त्या दिवशी दुसरं काही लागत नाही. हिंग दुहेरी डबीत ठेवा आणि डबी वरून सेलोटेपनं बंद करा, नाहीतर कोटाला सहा महिने वास येतो. माझ्या येत होता.

अजून एक, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मी शनिवारी रात्री पोचले. खोली नवी, भांडी अजून बॅगेत, बाहेर पाऊस आणि एकही दुकान उघडं नाही. आईनं फोडणीसकट भाजून दिलेला उपम्याचा रवा होता, त्यावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवला आणि दहा मिनिटांनी खाल्ला. तो वास आठवला की आजही घसा दाटतो. म्हणून सांगते, पहिल्या चार दिवसांचं जेवण वेगळ्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी सगळ्यात वर ठेवा: भाजलेला रवा, तयार खिचडीचं मिश्रण, दडपे पोह्यांसाठी पातळ पोहे, शेंगदाण्याची चटणी. उरलेल्या दोन वर्षांसाठी जर्मनी आहेच.

मेलबर्न, चार वर्षं

जर्मनीला जाणाऱ्यांना हे लागू नाही, पण ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी माझं वाचा. इथे २०२० पासून प्रवासी सामानातून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या आणायला बंदी आहे. कारण खापरा भुंगेरा. धान्याच्या साठ्यातला हा किडा आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. त्याच्या अळ्या खाण्याशिवाय फार दिवस तग धरतात, फटीत लपून राहतात आणि एकदा गोदामात शिरल्या की निघत नाहीत. गहू पिकवून निर्यात करणारा देश आहे, भीती खरी आहे.

मला हे माहीत नव्हतं. आईनं अंगणात वाळवलेली संकेश्वरी मिरची दिली होती, दोन किलो शेंगदाणे, जिरे-धणे वेगळे. विमानात जो कागद भरून घेतात त्यावर मी खाद्यपदार्थ आहेत असं लिहिलं. उतरल्यावर बॅग उघडली. मिरच्या गेल्या, शेंगदाणे गेले, जिरे गेलं. आईनं मिरच्यांची एकेक देठं खुडली होती, ते डोळ्यांसमोर आलं. पण आधी लिहून दिल्यामुळे दंड झाला नाही. अधिकारी बाई शांतपणे समजावून सांगत होत्या. दुकानातून आणलेला, कारखान्यात भाजून दळलेला, लेबल असलेला कांदा-लसूण मसाला त्यांनी परत दिला. घरचा बिनलेबलचा ठेवून घेतला. त्यामुळे इथे येणार असाल तर सीलबंद पाकीटच आणा, आणि काहीही लपवू नका. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये तर न सांगितलेला एखादा पदार्थ सापडला तरी जागेवर ४०० डॉलर दंड आहे. मधही तिथे चालत नाही.

दुबई, अकरा वर्षं

इकडे किराणा आणायची काही गरज नाही. करामा आणि बर दुबईत कुरडयांपासून सगळं मिळतं. फक्त खसखस आणू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. नुसती पुडी नसते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गोड्या मसाल्यात खसखस असते, अनारशांना लावलेली असते. दिवाळीत माझ्या जावेनं दोन डबे अनारसे बांधून दिले होते. निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं आणि ते शेजारी वाटून टाकले. जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं, पण पर्याय नव्हता. आता त्या माझ्यासाठी बिनखसखशीचा मसाला वेगळा करतात.

सिंगापूर

वरच्या ताईंचं अगदी खरं. सिंगापूरलाही खसखस नको.

अमेरिका, आधी न्यू जर्सी, आता मिडवेस्टातलं लहान गाव

माझ्या मते देशापेक्षा गाव महत्त्वाचं. एडिसनला असताना ओक ट्री रोडवर हवं ते मिळायचं, भारतातून फक्त घरचा मसाला यायचा. नवऱ्याच्या नोकरीनं या लहान गावात आलो आणि हिशोबच बदलला. जवळचं भारतीय दुकान अडीच तासांवर. महिन्यातून एकदा गाडी काढतो, डाळी, कणीक, पोहे भरून आणतो. म्हणजे इथेही डाळ-तांदूळ भारतातून आणायचा प्रश्न येत नाही. भारतातून तांदूळ तर आणताच येत नाही, त्याच खापरा किड्यामुळे. ताजा कढीपत्ताही चालत नाही. तो लिंबाच्या कुळातला, त्याच्यावरची कीड इथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावते.

मला सगळ्यात जास्त नडलं ते वाटण. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, इथली वीज १२० ची. मिक्सर आणून उपयोग नाही. इथलं ब्लेंडर ओल्या चटणीला ठीक, पण दाण्याचं कूट त्यात धड होत नाही, खाली लगदा आणि वर अख्खे दाणे. म्हणून आता प्रत्येक वेळी कोरड्या चटण्या आणते: जवस, कारळं, लसूण, तीळ. कमी जागेत बसतात आणि भाताबरोबर, पोळीबरोबर, काही नसेल तेव्हा नुसत्या दह्याबरोबर जेवण होतं. त्या मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेला येणाऱ्या विमानात केबिन बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते, आणि त्यांचं समाधान झालं नाही तर ती आत नेता येत नाही.

तोक्यो, निशी-कासाई

मी आठ किलो डाळी आणल्या. जून-जुलैत इथे पावसाळा असतो, हवा कोकणासारखी दमट. एरंडेल चोळलेली तूरडाळ टिकली, बाकी मुगाला किडे, रव्याला जाळी. खोलीतलं कपाट हातभर, फ्रिज कमरेएवढा. ठेवणार कुठे? पुढे कळलं की आमच्या निशी-कासाईतच भारतीय दुकानं आहेत, आणि शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांत डाळी-मसाले मिळतात. गुळाच्या जागी ओकिनावाची काळी साखर वापरते, कोकुतो म्हणतात. आमटीत ती छान लागते.

शाकाहारी असाल तर मात्र जास्त आणा. इथे साध्या भाजीतसुद्धा माशाचा रस, दाशी, असतो. ऑफिसात दुपारी बाहेर काही खाता येईना. मेतकूट-भात आणि उडीद भाजून दळलेलं डांगराचं पीठ यांवर मी पहिला महिना काढला. डांगराला गॅसही लागत नाही, दही आणि कांदा असला की झालं. आमसुलं दोन वर्षांनंतरही जशीच्या तशी आहेत.

हॅलिफॅक्स, कॅनडा

मी सहा महिन्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. वय ६४, पहिलाच विमानप्रवास. डिंक, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, ओवा, खारीक आणि खोबऱ्याच्या दहा वाट्या घेतल्या होत्या. निघताना आपल्याच विमानतळावर बॅग बाजूला काढली. सुकं खोबरं बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, बंद जागेत ऊब धरून ते आपोआप पेटू शकतं. रात्री दोन वाजता बॅग उघडून वाट्या काढून दिल्या. लेकीसाठी वेचून आणल्या होत्या, फार वाईट वाटलं. तिथे किसलेलं सुकं खोबरं मिळालं, ते खमंग भाजून डिंकाचे लाडू केले. चवीत थोडा फरक होता. लेक म्हणाली, आई, तुझ्या हातचेच आहेत.

बाकी सगळं तिथे उतरल्यावर कागदावर लिहून दाखवलं. नावं इंग्रजीत जावयांनी आधीच लिहून दिली होती. हे जरूर करा. डिंक म्हणजे काय हे तिथल्या माणसाला हातवारे करून सांगता येत नाही.

पुन्हा मी, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना श्टुटगार्टच्या ताईंचं वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःच उठून तूरडाळ परत डब्यात ओतली. अर्धा किलो ठेवली आहे, पहिल्या आठवड्यापुरती. तूप गेलं, पेढ्यांचा विचार सोडला. खोबरं बॅगेत वरच होतं, ते काढलं. मिरगुंडं थोडी, कुरडया काकूंना सांगून पुढच्या वेळेसाठी ठेवल्या. त्यांनी मुळीच मनाला लावून घेतलं नाही.

पहिल्या चार दिवसांची पिशवी बांधून वर ठेवली आहे. किराणा आता ७ किलोवर आलाय. जर्मनीत खसखस बेकरीतल्या पावावरसुद्धा असते असं मुलीनं शोधून सांगितलं, त्यामुळे गोडा मसाला आहे तसाच जातोय.

आज दुपारी तिनं माझ्या मदतीशिवाय आमटी केली. पहिल्यांदा मसाला जास्त झाला, दुसऱ्यांदा जमली. बरणीवर तिनं तिच्या अक्षरात कागद चिकटवला आहे: चार वाट्या आमटीला दीड चमचा, आमसूल शेवटी.