सिकलसेलच्या पोरांचं डॉप्लर: आधी चित्रं गोळा करायची की आधी मोजमाप सुधारायचं?

गोंदियाकर: गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे सिकलसेल दाट. एसएस पोरांचं (आई-बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेल्या) 2 ते 16 वर्षांपर्यंत दरसाल डोक्याचं डॉप्लर (टीसीडी, म्हणजे ध्वनिलहरींनी मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणं) करायला हवं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत वेग 200 सेंमी/सेकंद किंवा वर गेला, तर पक्षाघाताचा धोका मोठा. 1998 च्या 'स्टॉप' चाचणीत अशा पोरांना नियमित रक्त दिल्यावर धोका 90 टक्क्यांहून जास्त घटला. पण तालुक्याला हे वाचणारं माणूस नाही. मेडिकल कॉलेजं आणि उपजिल्हा रुग्णालयांनी चित्रं एकत्र करून वाचणारं सॉफ्टवेअर तयार करावं. नावं काढली की झालं.

डॉप्लरवाला: 'की झालं' इतकं सोपं नाही, भाऊ. नाव फाइलच्या हेडरमध्ये असतं तसं चित्राच्या वरच्या पट्टीतही छापलेलं असतं. ते कापता येईल. खरी गोची अँगल करेक्शनची, म्हणजे ध्वनिलहर रक्तवाहिनीला तिरपी पडते म्हणून मशीनवर वेग वाढवून घेण्याची. कोन शून्य ठेवून 180 आला, आणि दुसऱ्याने त्याच पोराला 30 अंशाची दुरुस्ती लावली, तर पडद्यावर 208 दिसतो. पोरगं तेच, बटणापायी रेषेपलीकडे! स्टॉपचे आकडे दुरुस्तीशिवायचे आहेत, आणि तो वेग ठोक्यांवर काढलेली सरासरी आहे. कोणी त्या जागी पीएसव्ही (ठोक्यातला सगळ्यात वरचा वेग) लिहिला, तर तो आकडा मोठाच येणार.
शिवाय पोरगं झोपलं की कार्बन डायऑक्साइड वाढून वेग चढतो. तापात, हिमोग्लोबिन उतरल्यावरही चढतो. नुकतंच रक्त दिलं असेल तर उतरतो. यातलं चित्रात काय दिसणार?

गोंदियाकर: कोन बहुतेक मशीन पडद्यावरच छापतात. 208 गुणिले कोसाइन 30, मूळ वेग हातात. ताप, झोप, हिमोग्लोबिन, शेवटचं रक्त कधी दिलं: एका कागदावर चार रकाने. एवढ्यासाठी काहून थांबायचं?

कोडवाली: चित्रं एका जागी आणायचीच कशाला? फेडरेटेड पद्धत घ्या. मॉडेल (चित्रं वाचणारं सॉफ्टवेअर) ज्या त्या रुग्णालयात शिकेल, बाहेर फक्त वेट्स (शिकलेले आकडे) जातील, चित्रं नाही.

डॉप्लरवाला: मॅडम, मग कोनाचा घोळ तिथल्या तिथेच शिकला जाईल आणि कोणाच्या नजरेसही पडणार नाही. जास्त वेगाची पोरं मोठ्या रुग्णालयातून येतील, कमी वेगाची तालुक्यातून. दोन्हीकडची मशीन वेगळी, पडद्यावरची अक्षरं वेगळी. मॉडेल रक्तवाहिनी सोडून अक्षरावरूनच उत्तर देईल.

कोडवाली: म्हणून अक्षरं आधी कापायची आणि एक अख्खं रुग्णालय चाचणीसाठी राखून ठेवायचं. वाटणीही पोरानुसार. एकाच पोराची डावी बाजू शिकवणीत आणि उजवी चाचणीत गेली, तर मार्क फुकटचे वाढतात.

सोनोग्राफी टेबल: पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणी रोखणारा, सोनोग्राफी मशीनवर बंधनं घालणारा कायदा) कोणाच्या ध्यानात आहे का? पोर्टेबल मशीन उचलून आश्रमशाळेत नेता येत नाही. नोंदणीची जागा किंवा नोंदणी झालेलं फिरतं वैद्यकीय युनिट, एवढंच चालतं.

गोंदियाकर: बरोबर. मग पोरांनाच रुग्णालयात आणू. तीन रुग्णालयं, पोरगं जागं, कोन शून्य, डोक्यात किती खोलवर मोजायचं ते 2 मिमीच्या टप्प्याने बदलत सगळ्यात जास्त वेग टिपायचा. दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचं.

डॉप्लरवाला: हे पटतं. पण 170 ते 199 मधल्या, म्हणजे काठावरच्या पोरांवर दोघांचं जुळणार नाही, तिसरा वाचणारा आत्ताच ठरवा. 200 पार गेलेलं पोर सॉफ्टवेअरसाठी ताटकळत ठेवायचं नाही, लगेच पुन्हा मोजायचं. आणि कागदावर पाचवा रकाना घाला: रक्तपेढी गावापासून किती किलोमीटर. दर महिन्याला रक्त चढवायला पोर तिथंच न्यावं लागेल.